विकणारे जास्त, मग घेतलं कोणी?

शेअर बाजार गडगडला की दुसऱ्या दिवशी हमखास वाचायला मिळतं, ‘विकणारे जास्त, घेणारे कमी होते.’ पण विकल्या गेलेल्या प्रत्येक शेअरला कोणीतरी घेणारा असतोच, नाहीतर सौदाच होत नाही. मग भाव पडतो कसा?

राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसईचंच उदाहरण घेऊ. दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात ओरडून सौदे होत असताना, नोव्हेंबर १९९४ मध्ये इथे शेअरची खरेदी-विक्री सुरू झाली ती थेट संगणकावर. प्रत्येक शेअरची एक ऑर्डर बुक असते, म्हणजे कोण किती नग कोणत्या भावाला घ्यायला वा विकायला तयार आहे याची यादी. नियम दोन: ज्याचा भाव सरस (घेणाऱ्याचा जास्त, विकणाऱ्याचा कमी) त्याचा नंबर आधी, भाव सारखा असेल तर जो आधी आला तो पुढे. मोठा म्युच्युअल फंड असो की साताऱ्याचा शिक्षक, रांग एकच.

समजा, एका शेअरला ५०० रुपयांनी २०० नग, ४९९.५० ने ३०० आणि ४९८ ने १००० नग घ्यायला लोक तयार आहेत. कोणीतरी ६०० शेअर ‘मार्केट ऑर्डर’ने विकायला काढले, म्हणजे मिळेल त्या भावाला. पहिले २०० पाचशेला जातात, पुढचे ३०० शेअर ४९९.५० ला आणि उरलेले १०० थेट ४९८ ला. सगळं क्षणार्धात. विकले ६००, घेतले ६००. तरी शेवटचा भाव दोन रुपयांनी खाली. भाव पाडला तो विकणाऱ्याच्या घाईने. त्यानेच ४९९.५० ची ‘लिमिट’ घातली असती, म्हणजे त्याहून कमी भावाला विकायचं नाही अशी अट, तर ५०० शेअर विकले गेले असते आणि उरलेले १०० विक्रीच्या रांगेत थांबले असते.

वाईट बातमी आली की घेणारे आपल्या ऑर्डरी मागे घेतात. रांग विरळ होते, आणि मग थोड्या विक्रीनेही भाव घसरतो.

काही जण ग्रह पाहून बाजाराचं भाकीत करतात, पण या सगळ्यात ग्रहांना कुठेच जागा नाही. राशी पाहून निफ्टीचा, म्हणजे एनएसईच्या निर्देशांकाचा आकडा सांगणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. सेबी या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी नसताना शेअरचे सल्ले विकणं बेकायदा आहे.

सौदा जुळला की दोघांच्या मधे एनएसई क्लिअरिंग ही एनएसईचीच कंपनी उभी राहते: विकणाऱ्यासाठी ती घेणारी, घेणाऱ्यासाठी विकणारी. समोरच्याने पैसे बुडवले तरी सौदा पुरा करायची जबाबदारी तिची. जानेवारी २०२३ पासून सगळ्याच शेअरचा हिशोब कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी चुकता होतो.