प्रिव्हिलेज : इंग्रजीतल्या नेहमीच्या शब्दजोड्या

प्रिव्हिलेज म्हणजे ठराविक माणसांनाच मिळणारा विशेषाधिकार किंवा सवलत. इंग्रजीत या शब्दासोबत कुठलं क्रियापद येतं ते बघितलं की तो नेमक्या कुठल्या अर्थाने वापरलाय ते लगेच कळतं, त्यामुळे क्रियापदासकटच लक्षात ठेवावा.

ग्रँट म्हणजे सवलत देणं, एन्जॉय म्हणजे ती उपभोगणं, अब्यूज म्हणजे गैरफायदा घेणं आणि रिव्होक म्हणजे काढून घेणं. यात देणारा कोणीतरी असतो आणि दिलेलं तो परत घेऊ शकतो, म्हणूनच अमेरिकेत लायसन्सचा विषय निघाला की ड्रायव्हिंग इज अ प्रिव्हिलेज, नॉट अ राइट असं हमखास ऐकवतात.

कोर्टात क्रियापदं बदलतात. तिथे प्रिव्हिलेज क्लेम किंवा इन्व्होक करतात म्हणजे तो आपल्याला आहे असं सांगून वापरतात, नको असेल तर वेव्ह करतात म्हणजे आपणहून सोडतात. अटर्नी-क्लायंट प्रिव्हिलेजमुळे कायदेशीर सल्ल्यासाठी वकिलाशी केलेलं बोलणं गुप्त राहतं, पण हा हक्क अशिलाचा असतो, त्यामुळे तो सोडायचा की नाही हे अशीलच ठरवतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण त्याशिवाय माणूस वकिलाशी मोकळेपणाने बोलणारच नाही. एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, म्हणजे आपल्याकडची गोपनीय माहिती न देण्याचा हक्क, वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सननी आपल्या संभाषणांच्या टेप न देण्यासाठी तो पुढे केला होता पण १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८-० असा निकाल देऊन टेप द्यायला लावल्या. पार्लमेंटरी प्रिव्हिलेजला इंग्लंडमध्ये १६८९ च्या बिल ऑफ राइट्सचा आधार आहे, सभागृहातल्या भाषणावर कोर्टात खटला चालत नाही, आणि सभागृहाच्या हक्काचा भंग झाला की त्याला ब्रीच ऑफ प्रिव्हिलेज म्हणतात.

कॉम्प्युटरवाले परवानग्यांना प्रिव्हिलेज म्हणतात. हॅकरने नसलेल्या परवानग्या मिळवल्या की प्रिव्हिलेज एस्कलेशन, आणि कामापुरतीच परवानगी द्यायची हे लीस्ट प्रिव्हिलेजचं तत्त्व.

व्हाइट प्रिव्हिलेज, मेल प्रिव्हिलेज (गोरं किंवा पुरुष असल्यामुळे मिळणारा फायदा) या जोड्या मात्र वेगळ्या आहेत. अमेरिकन अभ्यासक पेगी मॅकिंटॉश यांच्या १९८८ च्या निबंधानंतर या अर्थाचा वापर खूप पसरला. इथे सवलत कोणी हातात आणून दिलेली नसते, जन्मापासूनच मिळत असते आणि ज्याला मिळते त्याला बऱ्याचदा ती दिसतही नाही, त्यामुळे ग्रँट किंवा रिव्होक इथे फारसं बसत नाही, अ‍ॅकनॉलेज (मान्य करणं), रेकग्नाइझ (ओळखणं) आणि चेक युवर प्रिव्हिलेज (आपल्याला मिळणाऱ्या फायद्याचं भान ठेव) मधलं चेक हीच क्रियापदं येतात. माझ्या मते हा फरक समजला की त्यावरचे निम्मे वाद नीट कळतात.

अंडरप्रिव्हिलेज्ड म्हणजे वंचित, हा शब्द बहुतेक चिल्ड्रन किंवा फॅमिलीज यांच्या आधी लागतो. इट्स अ प्रिव्हिलेज टू मीट यू यात अधिकार वगैरे काही नाही, तुम्हाला भेटणं हे माझं भाग्य एवढंच.