तिरंगी बोका का दिसत नाही?

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक मांजर दरवर्षी पिल्लं घालते. अंगावर काळी, तांबूस आणि पांढरी ठिगळं, जणू जुन्या लुगड्यांची गोधडीच पांघरली आहे. तिच्या पिल्लांत एखादं तसंच तिरंगी निघालं, तर ती भाटीच असणार हे उचलून न पाहताही सांगता येतं. बोके एकतर तांबूस नाहीतर काळे. (पांढरे डाग वेगळ्या जनुकामुळे पडतात, ते इथे बाजूला ठेवू.) तिरंगी बोका हजारोंत एखादा जन्मतो. त्याच्याकडे बहुधा एक जादाचं एक्स गुणसूत्र असतं आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत.

गोम एक्स गुणसूत्रातच आहे. रंग तांबूस की काळा, हे ठरवणारी जागा त्यावर असते. 2025 साली अमेरिका आणि जपानमधल्या संशोधकांनी ती नेमकी शोधली: तांबूस मांजरांत तिथल्या डीएनएच्या मजकुरातली सुमारे 5,000 अक्षरं गळालेली असतात. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून रंगही एकच. भाटीकडे दोन, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. एकावर काळा आणि दुसऱ्यावर तांबूस असेल, तर दोन्ही मिसळून काहीतरी मधलाच रंग यायला हवा होता. पण रंग मिसळत नाहीत, ठिगळं पडतात.

उत्तराचा पहिला धागाही मांजरातच सापडला. 1949 साली कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम मांजरांच्या मज्जापेशी तपासत होते. शोधत होते भलतंच काही. पण काही मांजरांच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींत दिसत नसे. नोंदवही चाळल्यावर लक्षात आलं, की ठिपकेवाल्या सगळ्या भाट्या होत्या. हा ठिपका म्हणजे काय, हे 1961 साली ब्रिटनमधल्या मेरी लायन यांनी उंदरांच्या चट्टेरी कातडीवरून ताडलं. मादीच्या गर्भात अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स गुंडाळून बंद करते. कोणतं, ते निव्वळ नशिबावर. पण एकदा ठरलं, की त्या पेशीची सगळी पिलावळ तोच निर्णय पाळते. म्हणून तांबूस ठिगळ म्हणजे काळ्याचं एक्स मिटलेल्या पेशींची वस्ती, आणि काळं ठिगळ म्हणजे त्याच्या उलट. माणसातही हेच चालतं. प्रत्येक स्त्री आतून अशी गोधडीच असते, फक्त ती कातडीवर दिसत नाही.

पण अख्खं गुणसूत्र मिटवतं कोण? एक्सवर शेकडो जनुकं असतात. इतक्यांची तोंडं एकदम बंद करायची, तर एखादं जबरदस्त प्रथिन हवं, अशीच अपेक्षा कोणीही केली असती. 1991 साली हाती आलं ते वेगळंच. एक जनुक फक्त बंद पडलेल्या एक्सवरूनच बोलत होतं, चालू एक्सवर ते गप्प! त्याला ‘एक्झिस्ट’ हे नाव पडलं. त्याची आरएनए प्रत सुमारे 17,000 अक्षरांची. एवढ्या लांबलचक मजकुरात प्रथिनाची कृती मात्र सापडेना. एरवी आरएनए म्हणजे डीएनएतल्या कृतीची नक्कल. ती केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. हा आरएनए बाहेर जातच नाही. जिथे जन्मला त्याच गुणसूत्राभोवती तो पसरतो आणि प्रथिनांना बोलावून घेतो. ती जनुकांचं वाचन थांबवतात, डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांवर ‘बंद’च्या रासायनिक खुणा करतात. गुणसूत्र आक्रसतं, त्याचा ठिपका होतो. मोजकी जनुकं तरीही निसटतात आणि चालू राहतात.

हा निर्णय किती पक्का असतो, ते एका क्लोननं दाखवलं. टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून डिसेंबर 2001 मध्ये सीसी जन्मली. मांजराचा हा पहिलाच क्लोन. डीएनए तोच, पण सीसीच्या अंगावर तांबूस रंगाचा मागमूस नव्हता. ज्या एका पेशीपासून ती घडली, त्या पेशीतलं तांबूस एक्स आधीच मिटलेलं होतं आणि क्लोनिंगनंतरही ते उघडलं नाही. हुबेहूब मांजर मिळेल या आशेवर असलेल्यांची पंचाईतच झाली असणार.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरं आहेत. त्यांपैकी प्रथिनांच्या कृती जेमतेम 1 ते 2 टक्के. उरलेल्याला बरीच वर्षं अडगळ म्हटलं गेलं. त्यातलं सगळंच कामाचं आहे असं नव्हे, माळ्यावर खरी अडगळही असतेच. पण एक्झिस्टसारखे आरएनए तिथूनच निघतात, आणि सगळेच काही एवढे अगडबंब नसतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत 1993 साली 1 मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत सापडलेला आरएनए अवघ्या 22 अक्षरांचा होता. तो गुणसूत्राच्या वाटेला जातच नाही. एका जनुकाचा निरोप (म्हणजे त्याची आरएनए नक्कल) बाहेर पडला, की त्याच्या शेपटीकडच्या जुळत्या अक्षरांना तो चिकटतो आणि त्यावरून प्रथिन बनू देत नाही. तो नसेल तर कृमीचं बालपण संपतच नाही, त्याच त्याच अवस्था पुन्हा येत राहतात. हा त्या कृमीपुरता चाळा असेल असंच अनेकांना वाटलं. 2000 साली गॅरी रुवकुन यांच्या गटाला असाच दुसरा आरएनए कृमीपासून माणसापर्यंत सगळीकडे आढळला, तेव्हा मतं बदलली. दोघांना 2024 चं नोबेल मिळालं.

एक्झिस्ट फक्त एक्सवरच चालतो का? 2013 साली अमेरिकेत जीन लॉरेन्स यांच्या गटानं हे पाहिलं. डाउन सिंड्रोममध्ये 21 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. अशा व्यक्तीच्या पेशींपासून तयार केलेल्या मूलपेशींमध्ये, तीनपैकी एका प्रतीवर त्यांनी एक्झिस्टचं जनुक नेऊन बसवलं. हा उपचार नव्हता. सगळं काचेच्या बशीत चाललं होतं. जनुक चालू केल्यावर आरएनए त्या परक्या गुणसूत्रावरही पसरला, त्याची जनुकं गप्प होत गेली, आणि बार यांना मांजरीच्या पेशीत दिसला होता तसा ठिपका 21 क्रमांकाच्या गुणसूत्राचा झाला.