साठ हॉर्सपॉवरचा ॲक्सल, एकतीस इंची टायर

जुनी महिंद्रा जीप घेतली की पहिल्या पावसाळ्यातच गॅरेजमध्ये विषय निघतो: पाटे (पानांचे स्प्रिंग) बदलू, गाडी थोडी उचलू, मोठे टायर टाकू, जमलं तर मागचा ॲक्सलही दुसरा बसवू. गाडी जुनी, लोखंड थकलं, म्हणून बदलायचं असा बहुतेकांचा समज असतो. पण ते लोखंड उघडून पाहिलं तर पुष्कळदा ठणठणीत निघतं. अडचण आहे ती त्याच्या मूळ हिशेबात, आणि तो हिशेब १९४० सालचा आहे.

त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. वजनाची अट होती १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आसपास, आणि नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीने तो सप्टेंबरात नेऊन दाखवला. इतक्या घाईत नवीन ॲक्सल कोण डिझाइन करणार? स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या प्रवासी मोटारीचा ॲक्सल घेतला आणि त्यात फेरफार करून दिला. आज ज्याला आपण जीपचा दणकट ॲक्सल म्हणतो, त्याचं कूळ हे असं चारचौघांसारखं आहे. वजनाची अट अर्थातच पुढे मोडली. विलीज या दुसऱ्या कंपनीची एमबी, म्हणजे युद्धातली जीप, रस्त्यावर आली तेव्हा तिचं वजन हजार किलोच्या वर गेलं होतं.

तरीही एमबीचा मागचा ॲक्सल हुशारीने केलेला होता. तो फुल-फ्लोटिंग होता, म्हणजे गाडीचं वजन हाउसिंगवर आणि हबच्या बेअरिंगांवर. आतल्या शाफ्टला फक्त चाक फिरवायचं काम. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर. युद्धाच्या मैदानावरून गाडी परत आणायची असेल तर हे लाखमोलाचं. पुढच्या ॲक्सलची गोष्ट वेगळी. चाक वळतानाही एकसारखं फिरावं यासाठी लागणारे जॉइंट तेव्हा फार थोड्यांना बनवता येत होते, आणि युद्धकाळात फोर व्हील गाड्यांचं उत्पादन याच सुट्या भागापाशी अडलं. मग बेंडिक्स, रेप्पा, ट्रॅक्टा, स्पायसर असे चार प्रकारचे जॉइंट, जे मिळतील ते, एकाच मॉडेलच्या जीपमध्ये बसवले गेले. जुन्या जीपचा पुढचा शाफ्ट मागवताना ‘आत कुठला जॉइंट आहे ते आधी बघ’ असं मेकॅनिक सांगतो, ते या टंचाईमुळे.

युद्ध संपलं आणि विलीजने १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली. नांगर ओढता यावा म्हणून ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे, ४.८८ वरून ५.३८ केला. पहिला गिअर, लो रेंज आणि ॲक्सल यांचा गुणाकार केला तर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चाकापर्यंत येताना सुमारे ३७ पट होतो. ‘अवघी ६० हॉर्सपॉवर’ म्हणून हसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शाफ्ट तोडतो तो हा गुणाकार. याच गाडीच्या उत्पादनात खर्च वाचवायला मागचा फुल-फ्लोटिंग ॲक्सल काढून सेमी-फ्लोटिंग (ज्यात शाफ्ट वजनही पेलतो) बसवला गेला. पुढे सीजे-३बी आली, तिच्यात मागे डाना ४४ नावाचा ॲक्सल आणि पुढे त्याहून बारीक डाना २५. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ओळखीची झाली ती हीच जोडी.

महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीजच्या गाड्या सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढेही अनेक वर्षं बनत राहिली. मग पेट्रोल महाग झालं, डिझेल इंजिनं आली. १९८५ च्या एमएम ५४० मध्ये प्युजोचं २,११२ सीसीचं डिझेल होतं, ताकद सुमारे ६२ हॉर्सपॉवर. १९४१ च्या एमबीपासून चव्वेचाळीस वर्षांत जवळजवळ दोन हॉर्सपॉवरची वाढ! त्यामुळे ॲक्सल बदलावा असं कारखान्यालाही वाटलं नाही, आणि त्यात कारखान्याची चूक म्हणता येत नाही. वाढलं ते वजन. डिझेलचा बिडाचा ब्लॉक पुढच्या पाट्यांवर बसला, बॉडी लांब झाली, सीट वाढल्या.

आणि वडाप, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून भाड्याने नेणं, सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात महिंद्राच्या कमांडर जीपमध्ये माणसं कशी भरत ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन नको. महाराष्ट्रातलं सस्पेन्शनचं पहिलं ‘अपग्रेड’ शौकिनांनी केलं नाही, या गाड्यांच्या चालकांनी केलं. पाट्यांच्या जुडग्यात एक जादा पान, कधी दोन. गाडी बसायची थांबली, पण रिकामी धावताना दगडासारखी आपटायला लागली आणि मग शॅकलचे बुश, चेसीचे ब्रॅकेट एकेक करून फुटत गेले. आजही जुनी जीप घेताना पाट्यांची पानं मोजली तर तिच्या पूर्वायुष्याबद्दल आरसी बुकापेक्षा जास्त कळतं.

मागचा ॲक्सल मात्र कुणी हौसेने उघडत नाही. सीजेच्या डाना ४४ मध्ये शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब घट्ट दाबून बसवलेला, मध्ये एक चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा), बाहेरून नट आणि कॉटर पिन. तीस-चाळीस वर्षांत हब त्या निमुळत्या टोकाला असा चिकटतो की साधा पुलर लावला तर पुलरचीच जबडी वाकते. मग जाड पुलर, त्याच्या बोल्टवर घणाचा एक ठोका, थांबायचं, बोल्ट पुन्हा आवळायचा, पुन्हा ठोका. सुटतो तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो, म्हणून नट पूर्ण काढायचा नसतो. चार आटे ठेवायचे, नाहीतर ड्रम थेट समोरच्याच्या पायावर येतो. आतला शाफ्ट पुसून उजेडात धरला की चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीर कधीकधी दिसते. शाफ्ट तिथेच तुटतो. आणि हा सेमी-फ्लोटिंग आहे, त्यामुळे शाफ्टबरोबर चाकही निघतं, ड्रमसकट. फ्लँज असलेला एका तुकड्याचा शाफ्ट किंवा फुल-फ्लोटर रूपांतर ही अमेरिकेतल्या सीजेवाल्यांची पहिली मोठी खरेदी असते ती याच कारणाने. माझ्या मते आपल्याकडेही मोठे टायर घेण्याआधी पैसे इथे जावेत. जात नाहीत, कारण हे काम बाहेरून दिसत नाही.

टायर दिसतात. मूळ ६.००-१६ टायरचा व्यास साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. तिथे ३१ इंची टाकला की ५.३८ चा रेशो चाकाच्या दृष्टीने ४.९५ सारखा वागू लागतो, ३३ इंचीला ४.६५ च्या आसपास. म्हणजे ज्याने नांगर ओढायचा तो गुणाकारच आपण कमी केला. तो भरून काढायला ड्रायव्हर क्लच जाळतो आणि ॲक्सिलरेटर दाबतो. शिवाय जड चाक दगडात अडकलं की झटका सरळ शाफ्टवर आणि क्राउन-पिनियनवर. त्यावर लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) बसवला तर एक चाक हवेत असताना सगळा टॉर्क दुसऱ्या बाजूच्या एकट्या शाफ्टवर येतो. मोठे टायर, लॉकर, मग शाफ्ट, मग रेशो: एक बदल पुढचा बदल मागून घेतो, तो असा.

उंचीचं तसंच. सीजेमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून जातात. सैन्याला गाडी बुटकी हवी होती, दिसायला कमी आणि उलटायला अवघड. पाटा काढून ॲक्सलच्या वर बसवला की मागेपुढे पाच-सहा इंच उंची जवळजवळ फुकट मिळते. वेल्डर, नवे पॅड आणि यू-बोल्ट एवढ्यावर काम भागतं, म्हणून हा बदल जगभर लोकप्रिय झाला. त्याची वसुली नंतर होते. पिनियनचं तोंड आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्यातला कोन वाढतो, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस खायला लागतात. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक तिरका होतो आणि खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. चढावर जोर दिला की मऊ पाटा इंग्रजी एसच्या आकारात पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो, आणि ॲक्सल उड्या मारतो. एमबीच्या डाव्या पुढच्या पाट्यावर मूळ कारखान्यानेच एक छोटा जादा स्प्रिंग दिला होता, टॉर्कची ही पिळवणूक रोखायला. म्हणजे त्रास पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आज तिथे लोक ट्रॅक्शन बार लावतात.

मारुती जिप्सीने दुसरी वाट दाखवली, पण अर्धीच. १९८५ मध्ये आली तेव्हा ती हलकी होती आणि अरुंदही. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवून ‘वाइड ट्रॅक’ आली. ॲक्सल अखंड (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), पुढेमागे पाटे. जपानमध्ये तिच्या भावंडाला, जिम्नीला, १९९५ मध्ये कॉइल स्प्रिंग मिळाले; आपली जिप्सी मात्र उत्पादन बंद होईपर्यंत पाट्यांवरच राहिली. अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग ही जोडी इंग्लंडमधल्या रेंज रोव्हरने १९७० मध्येच सिद्ध केली होती. आपल्याकडे कॉइलला उशीर झाला त्याचं कारण साधं होतं: पाटा कोणत्याही तालुक्याच्या गावी ठोकून मिळतो, आणि तोच ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. कॉइल फक्त वजन पेलतो. ॲक्सल धरायला वेगळे आर्म लागतात, त्यांचे ब्रॅकेट चेसीवर नेमक्या कोनात वेल्ड व्हावे लागतात, आणि तिथे अंदाजपंचे चालत नाही.

खरं वळण २०१० चं. त्या ऑक्टोबरात थार आली, १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ न्यूटन-मीटर घेऊन. एमबीचा टॉर्क १४२ होता. इंजिनाने पहिल्यांदाच मोठी उडी मारली आणि त्याच वेळी पुढचा अखंड ॲक्सल गेला. त्याच्या जागी टॉर्शन बारचं (पिळ घेणाऱ्या सळईच्या स्प्रिंगचं) स्वतंत्र सस्पेन्शन आलं, मागे पाटे राहिले. हायवेवर गाडी सुधारली, यात वाद नाही. पण सह्याद्रीतल्या ओढ्यात एक चाक दगडावर चढलं की अखंड ॲक्सल दुसरं चाक खाली दाबतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ते होत नाही, चाक लवकर हवेत लटकतं. म्हणून मग उलटी गंगा सुरू झाली: नवीन थार घेऊन तिच्या पुढे जुन्या जीपचा अखंड ॲक्सल बसवणारे निघाले. विशेष म्हणजे महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर काढली, तिला दोन्हीकडे अखंड ॲक्सल, दोन्हीकडे पाटे, आणि ताकद पुन्हा ६२ हॉर्सपॉवर! २०२० च्या थारला मागे अखंड ॲक्सलवर कॉइल मिळाले, रेंज रोव्हरनंतर ५० वर्षांनी. पुढचं सस्पेन्शन मात्र स्वतंत्रच राहिलं.

या काळात शौकाला मैदानंही मिळाली. इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षणाचा तळ झाला आणि २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरू लागली. ती मूळची मलेशियाची, १९९७ ची. लाल चिखलात विंच आणि दोन्ही ॲक्सलला लॉकर यांशिवाय तिथे फारसं चालत नाही, हे पाहून कित्येक गॅरेजवाल्यांनी या कामात हात घातला. पूर्वी कुर्ल्याच्या बाजारात भंगारातला ॲक्सल वजनावर मिळायचा. आता चांगला डाना ४४ विकणारा भाव सांगण्याआधी तुमची गाडी कोणती ते विचारतो. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल घेताना गोळा, म्हणजे डिफरन्शियलचा फुगीर भाग, कोणत्या बाजूला आहे हे मात्र आधी पाहावं. सीजेचे दोन्ही गोळे मध्यापासून उजवीकडे सरकलेले असतात, आणि मधोमध गोळा असलेला ॲक्सल घातला तर ट्रान्सफर केसपासूनच काम बदलतं.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे पुन्हा सांगितलं. बाजारात ‘पासिंग करून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या भरवशावर राहू नये. झिजलेला पाटा काढून तसाच पाटा, तुटलेल्या शाफ्टच्या जागी त्याच मापाचा चांगल्या पोलादाचा शाफ्ट, नवे बुश, नवे शॉकअप ही दुरुस्ती झाली. पुढचा ॲक्सल दोन इंच पुढे सरकवला तर व्हीलबेस बदलतो, आणि व्हीलबेस आरसीवर छापलेला असतो. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीला गाडी उभी राहते तेव्हा निरीक्षकाच्या हातात टेप असू शकते. म्हणूनच स्पर्धेच्या गाड्या गोव्याला स्वतःच्या चाकांवर न जाता ट्रेलरवर चढून जातात.