‘प्रायॉरिटी’पासून ‘मेडे फ्युएल’पर्यंत : विमानातली आणीबाणी कळवण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

संकटात ‘मेडे’ म्हणायचे, हे १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पक्के झाले. १२१.५ मेगाहर्ट्झची राखीव वारंवारता आणि ट्रान्सपॉन्डरवरचा (विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावरचा) ७७०० हा संकेत पुढे आले. आग लागली, इंजिन बंद पडले, तर शंकेला जागा नसते. इंधन मात्र हळूहळू संपते, आणि अडचणीची आणीबाणी नेमकी कधी होते हे फार काळ धूसरच राहिले.

२५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेल्या बोइंग ७०७ ला खराब हवामानामुळे सव्वा तासाहून अधिक घिरट्या घालाव्या लागल्या. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली; फार तर पाच मिनिटे थांबता येईल, पर्यायी विमानतळ असलेले बोस्टन गाठता येणार नाही, हेही सांगितले. पुढच्या हवाई वाहतूक नियंत्रकापर्यंत हे सगळे पोहोचलेच नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने आणीबाणी कळवायला सांगितले. रेडिओवर मात्र ‘इंधन संपत आले आहे’ एवढेच गेले. लांबचा फेरा इंधनाला परवडेल ना, असे नियंत्रकाने विचारले, तेव्हा गुळमुळीत होकार मिळाला. चारही इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण दगावले.

तपास अहवालाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. वाहतुकीचे ढिसाळ नियोजन आणि इंधनस्थितीसाठी प्रमाणित शब्द नसणे ही पूरक कारणे ठरली. हा क्रम आजही खटकतो. ठरलेला शब्द ऐकल्याशिवाय रांग मोडता येत नाही, ही नियंत्रकांची बाजू खरी आहे. पण ‘प्रायॉरिटी’ हा शब्द प्रशिक्षणातूनच आला असावा, अशी साक्ष चौकशीत झाली होती. जो शब्द कुणी नीट ठरवून दिलाच नव्हता, तो चुकला म्हणून थकलेल्या सहवैमानिकाला पहिला दोषी धरणे अन्यायाचे वाटते.

तो शब्द ठरायला २०१२ उजाडले. ‘मिनिमम फ्युएल’ ही केवळ पूर्वसूचना. ती दिली म्हणून रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. उतरताना अंतिम राखीव साठ्याहून, म्हणजे जेट विमानात अर्ध्या तासाच्या इंधनाहून, कमी उरणार असे दिसताच ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणणे बंधनकारक झाले. तरीही २०१६ मध्ये कोलंबियातल्या मेडेयीन शहराजवळ ७१ जणांचा बळी घेणाऱ्या विमानाने आधी ‘प्रायॉरिटी’च मागितली. त्याचे इंधनाचे गणित उड्डाणापूर्वीच चुकले होते, हा भाग वेगळा.

महासागरावर आता हा संदेश डेटालिंकने, लिखित स्वरूपातही पाठवता येतो. उरलेले इंधन आणि विमानातल्या माणसांची संख्या कळवण्यासाठी त्यात ठरलेला मजकूर असतो.