पुरुमेंताचे ओझे पेलणारी फळी

मे महिन्यात मडगावच्या पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळी साठवणीच्या, फेस्तात सोलां (कोकमाची सुकवलेली साले), मिरच्या, सुकी मासळी यांचे ढीग लागतात आणि पावसाळ्याची बेगमी घरोघर येऊन पडते. शिवाय उकड्या तांदळाची 25 किलोची गोण, खोबरेल तेलाचे डबे, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या. कोठीच्या एका फळीवर 40 किलो सहज चढतात. फळी घेताना मात्र आपण रंग पाहतो, फार तर जाडी. आधी पाहायला हवे ते दोन आधारांमधले अंतर.

सारखे सामान पसरलेली फळी मध्यभागी किती झुकेल, हे अंतराच्या चौथ्या घातावर ठरते. 18 मिलिमीटर जाडीच्या, 30 सेंटिमीटर रुंद पार्टिकल बोर्डावर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) 90 सेंटिमीटर अंतरात 40 किलो ठेवले, तर ते सुमारे एक सेंटिमीटर झुकते. सामानाची दाटी तेवढीच ठेवून आधार 60 सेंटिमीटरवर आणले, की झोळ दोन मिलिमीटरवर येतो. फळी तीच, पैसे जवळपास तेवढेच!

जाडीचा परिणाम तिच्या घनाने वाढतो, म्हणून 18 ऐवजी 25 मिलिमीटरची फळी अडीच पटींहून अधिक ताठ असते. त्याहून स्वस्त उपाय सुतारांना ठाऊक आहे. फळीच्या पुढच्या कडेला चार सेंटिमीटर उंचीची, दोन सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी उभी ठोकायची, या आधारापासून त्या आधारापर्यंत अखंड. मागची कड भिंतीवरच्या पट्टीवर टेकलेली असेल, तर एवढ्याने फळीचा ताठरपणा तिप्पट-चौपट होतो.

हे गणित पहिल्या दिवसाचे झाले. लाकूड सतत ओझ्याखाली राहिले की हळूहळू आणखी वाकत जाते, आणि हवेतला दमटपणा वरखाली होत राहिला तर हे वाकणे वेगाने वाढते. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेच चालते. पार्टिकल बोर्डाचा भुसा पाणी शोषून फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून आपल्या कोठीत तो नकोच. आयएस 710 मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा लॅमिनेटने बंद कराव्यात, कारण पाणी तिथूनच शिरते.

लोखंडी रॅकचा शत्रू मीठ. हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली, की मिठाचा कण स्वतःच पाणी ओढून विरघळतो. पावसाळ्यात ती रोजच वर असते. मिठागराच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरते. रंगाला ओरखडा पडला की गंज तिथून सुरू. मिठाची बरणी लोखंडावर थेट ठेवू नये, किनाऱ्याजवळच्या घरात शक्यतो 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टील घ्यावे. त्यातले मॉलिब्डेनम क्षारापुढे टिकते.

कडप्पा गंजत नाही, वाकतही नाही. ताण सोसेनासा झाला की सरळ तडकतो, म्हणून त्याला आधार जवळजवळ हवेत. शिवाय तो चुनखडीचा दगड. कोकमाचे आगळ किंवा व्हिनेगर सांडले, की आम्लाने त्याची चकाकी जाते. त्या बरण्यांखाली ग्रॅनाइट बरा.

उरली भिंत. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून उपटला जाण्याच्या दिशेने ओढला जातो. 30 सेंटिमीटर खोल फळीवर 40 किलो असतील आणि ब्रॅकेटचा उभा पाय 10 सेंटिमीटरचा असेल, तर वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे 60 किलोची ओढ येते. पाय 25 सेंटिमीटरचा घेतला तर 24 किलोची. जांभ्या चिऱ्याची भिंत सच्छिद्र आणि ठिसूळ. गिलाव्यातच अडकलेली गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) तिथे काही उपयोगाची नाही. स्क्रू गिलावा ओलांडून चिऱ्याच्या मध्यात जायला हवा, सांध्यात नव्हे. जुन्या घरात मी तर जमिनीवर उभा राहणारा रॅकच सुचवेन: तो वर एका ठिकाणी भिंतीला बांधावा म्हणजे कलंडणार नाही, आणि मागे चार बोटे जागा सोडावी म्हणजे हवा खेळेल, वाळवीची मातीची नळी चढू लागली तर लगेच दिसेलही.