‘क्रमशः’पाशी थांबलेल्या चित्रकथा : पार्श्वभूमी

मुंबईच्या एका वृत्तपत्रसमूहाने १९६४ साली सुरू केलेली, पुढे मराठीतही निघणारी कॉमिक मालिका १९९० मध्ये बंद पडली. लहान प्रकाशकांच्या काही चित्रकथा तर शेवटच्या चौकटीत ‘क्रमशः’ छापूनच राहिल्या. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे असे अंक माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतात. अर्धी गोष्ट पुरी करून छापायची ठरली की आधी चित्रकाराचा शोध सुरू होतो. काम अडते मात्र दुसरीकडेच.

गोंधळ ‘मालक’ या शब्दाचा आहे. प्रेसचा मालक तोच चित्रांचा मालक, असे धरून सगळे चालतात. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे (१९९२ च्या दुरुस्तीआधी ५०), म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातले काम बहुतेक अजून हक्कात आहे. कोणाच्या? कलम १७ म्हणते, पहिला मालक कर्ता. आणि मग परंतुके, म्हणजे अपवाद, सुरू होतात. पगारी चित्रकाराने नियतकालिकासाठी काढलेले असेल तर प्रकाशकाकडे फक्त नियतकालिकात छापण्यापुरता हक्क येतो, बाकी सगळे चित्रकाराचे. तेच काम पुस्तक धरले आणि उलट करार नसला, तर नोकरीतले म्हणून पुरा हक्क प्रकाशकाचा. आता अंकाचा क्रमांक टाकून दरमहा निघणारे ३२ पानी कॉमिक नियतकालिक की पुस्तक? टपालाच्या सवलतीपुरते ते नियतकालिक असते, हक्कांचा विषय निघाला की त्याचे पुस्तक होते.

नोकरीत नसलेल्या, दर पानाचे पैसे घेणाऱ्या चित्रकाराचे आणखी वेगळे. आतली रेखाचित्रे त्याची, पण मोबदला देऊन करवून घेतलेले मुखपृष्ठाचे रंगचित्र करवून घेणाऱ्याचे. वाद झाला की रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली पावती पुढे येते. तिच्यात हक्क दिल्याचे लिहिलेले नसेल तर ती पैसे पोचल्याची पावती, एवढेच. हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, हा १९९४ च्या दुरुस्तीतला नियम त्याआधीच्या करारांना लागत नाही. इथे भलेभले चुकतात. कथा एकाची आणि चित्रे दुसऱ्याची असली तर वारसांच्या दोन याद्या. कोकणातला सामाईक सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला यात नवल नाही: निम्मी नावे मुंबईत, एकाचा पत्ता नाही, आणि सही सगळ्यांची हवी.

जुन्या नावाने नियतकालिक पुन्हा काढू म्हटले तर नियतकालिकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशन बारा महिन्यांहून जास्त थांबले की प्रकाशनासाठी दिलेले घोषणापत्र संपत असे. १ मार्च २०२४ पासून तर कायदाच नवा आहे. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घेऊन पुस्तक काढलेले बरे.

मूळ चित्रे बहुधा छापील आकाराच्या दीडपट काढलेली असत. ती मिळाली तर नशीब. छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्म दमट हवेत एकमेकींना चिकटतात, ओढल्या की चित्राचा थर उचकटतो. मग उरतो कसर लागलेला अंक. पिनांचे पाय आतून पातळ पात्याने उघडावेत. गंजलेली पिन वरून ओढली की मधले पान फाटते. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), पानामागे काळा कागद ठेवून, नाहीतर पाठची छपाई उमटते. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि काचेवर सपाट बसत नाही. छपाईत रंग काळ्या रेषेपासून सरकलेले असतात, म्हणून काळी रेषा वेगळी काढून रंग नव्याने भरणे सोपे पडते.

जुने संवाद हाताने लिहिलेले. नव्या पानांवर फॉन्ट आला की जोड लगेच दिसतो, आणि युनिकोड ही संगणकावरची अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाइलीतून मजकूर आणला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन बसतो.

गोष्ट संपायला ११ पाने लागली तरी फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गट) १६ पानांचा. उरलेल्या पाचांत जुनी मुखपृष्ठे आणि कच्ची रेखाटने जातात. मधली ‘क्रमशः’ची चौकट काही जण पुसून टाकतात. ती ठेवावी, आणि इथून पुढचे हात कोणाचे ते खाली छापावे. हक्क विकले तरी कर्तेपणाचे श्रेय मागण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कर्त्याकडेच राहतो.