हातकुऱ्हाड

पुराणाश्मयुगातील, दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेले दगडी हत्यार. आकार साधारणपणे बदामासारखा. एक टोक निमुळते, बूड जाड आणि कडेने धार. लांबी बहुधा १० ते २० सेंमी., मात्र याहून बरेच मोठे नमुनेही मिळतात. दांड्याला न बांधता ते हातात धरूनच वापरत असावेत. फ्रान्समधील आम्यें शहराच्या सेंत-आशल या उपनगरावरून या हत्यारांच्या परंपरेला अश्युलियन संस्कृती म्हणतात. फरशी (क्लीव्हर, म्हणजे टोकाला आडवी धार असलेले दगडी हत्यार) हे तिचे दुसरे ठळक हत्यार.

मानवी बुद्धीच्या उत्क्रांतीचा विचार करताना या हत्यारांना असाधारण महत्त्व येते. मेंदू जीवाश्मरूपात टिकत नाही. कवटीच्या पोकळीवरून त्याचे आकारमान कळते : ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस या मानवपूर्व जातीत सुमारे ४५० घ. सेंमी., होमो इरेक्टस या आद्य मानवजातीत साधारण ६०० ते ११००, आधुनिक मानवात सरासरी १,३५० घ. सेंमी. पण त्या मेंदूने काय काम केले, हे कवटी सांगत नाही. ते घडवलेल्या दगडावरून ताडावे लागते.

सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडी केन्यातील तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस कोकिसेलेई येथे (सुमारे १७.६ लाख वर्षांपूर्वी) आणि इथिओपियातील कोन्सो येथे (सुमारे १७.५ लाख वर्षांपूर्वी) मिळाल्या आहेत. त्यापूर्वीच्या ओल्डोवान परंपरेत (सुमारे २६ लाख वर्षांपासून) गोट्यावर काही घाव घालून धारदार छिलके मिळवले की काम भागत असे. ठरावीक घाट देण्याचा प्रयत्न प्रथम अश्युलियनमध्ये स्पष्ट दिसतो. कर्ता बहुधा होमो इरेक्टस किंवा त्याचा निकटचा पूर्वज. पुढच्या काळात इतर मानवजातींनीही ती परंपरा चालवली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस (१७९७) जॉन फ्रिअर याने इंग्लंडमधील हॉक्सन येथील हत्यारे अतिप्राचीन असल्याचे कळवले, पण त्याकडे दुर्लक्ष झाले. सॉम नदीच्या खोऱ्यातील बूशे द पर्त याचे शोध १८५९ मध्ये इंग्रज भूवैज्ञानिकांनी प्रत्यक्ष पाहून मान्य केले, तेव्हा मानवाची प्राचीनता प्रस्थापित झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, ३० मे १८६३ रोजी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट याला मद्रासजवळच्या पल्लावरम येथे हातकुऱ्हाड सापडली. भारतीय प्रागितिहासाची सुरुवात येथून मानतात.

घडण : ही हत्यारे पाहताना डोळा घाटावर खिळतो, पण बुद्धीचा पुरावा घाटापेक्षा घडाईच्या क्रमात अधिक आहे. कडेवर घाव घालायचा तर तेथील कोन ९० अंशांहून कमी हवा. कोन बोथट झाला की दगड चिरत नाही, नुसता चुरतो. म्हणून घडवणारा आधी कड किंचित झिजवून घावासाठी बैठक तयार करतो, एक छिलका काढतो, हत्यार उलटे करतो आणि आताच पडलेल्या व्रणाची कड पुढच्या घावासाठी वापरतो. प्रत्येक घाव पुढच्या दोन-तीन घावांचा विचार करून घालावा लागतो. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे (सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी) गारेच्या (फ्लिंट) हातकुऱ्हाडी घडवताना पडलेले छिलके पुन्हा एकमेकांना जुळवता आले आहेत. तेथे शेवटची सफाई सांबरशिंगासारख्या मऊ हातोड्याने केल्याचेही दिसते.

दख्खनमध्ये पद्धत वेगळी होती. येथे प्रथम काळ्या पाषाणाच्या किंवा डोलेराइटाच्या मोठ्या धोंड्यावरून मोठा छिलका एका घावात काढत आणि त्यावर पुढचे काम करत. फरशीची आडवी धार ही त्या छिलक्याची मूळची धार असते. तिच्यावर नंतर घाव घालत नाहीत. म्हणजे छिलका धोंड्यापासून सुटण्यापूर्वीच धार कोठे यावी हे ठरलेले असते. नियोजनाचा पुरावा म्हणून फरशी हातकुऱ्हाडीपेक्षा अधिक बोलकी आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तिला मिळालेले दुय्यम स्थान समर्थनीय वाटत नाही.

बुद्धी व भाषा : थॉमस विन याने १९७९ मध्ये हातकुऱ्हाडीच्या सममितीवरून अवकाशीय बुद्धीचा अंदाज बांधला. डीट्रिक स्टाउट व सहकाऱ्यांनी दगड घडवणाऱ्या आधुनिक व्यक्तींच्या मेंदूंचे चित्रण केले (२००८). उत्तरकालीन अश्युलियन पद्धतीच्या घडाईत मेंदूच्या उजव्या अर्धगोलातील अग्रखंडाचा खालचा भाग कार्यरत होतो; डावीकडील याच भागाचा भाषेशी संबंध असल्याने घडाई व भाषा बरोबरीने वाढल्या असाव्यात, असे मत मांडले गेले. शेल्बी पट हिच्या २०१७ च्या प्रयोगात मात्र वेगळे दिसले. न बोलता शिकवलेल्यांमध्ये कार्यकारी स्मृतीशी निगडित भाग सक्रिय झाले. भाषेचे क्षेत्र मुख्यतः बोलून शिकवलेल्यांमध्ये. हा दुसरा निष्कर्ष अधिक संयमी असून ग्राह्य वाटतो : हातकुऱ्हाड दीर्घ शिकवण व संयम सिद्ध करते, वाणी नव्हे. सुबक हातकुऱ्हाड हे जोडीदार आकर्षून घेण्याचे साधन होते, असा मारेक कोन व स्टीव्हन मिथेन यांचा तर्क (१९९९) चर्चेत राहिला, पण त्याला स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही. लाखो वर्षे घाट फारसा न बदलल्याने त्यामागे काही अंशी जनुकीय प्रवृत्ती असावी, असेही अलीकडे सुचवले गेले आहे.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असूनही विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे २० टक्के ऊर्जा घेतो. ही ऊर्जा मांस व हाडांतील मज्जा यांतून मिळाली आणि धारदार हत्यारांनी ते अन्न मानवाच्या हाती आणले, हे मत बहुमान्य आहे. आहार सुधारल्याने आतडे लहान झाले व मेंदूला वाव मिळाला, हे १९९५ चे गृहीतक इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत टिकलेले नाही.

भारतातील कालमापन : तमिळनाडूतील अत्तिरंपक्कम येथील थरांचे वय शांती पप्पू व सहकाऱ्यांनी पुराचुंबकीय आणि वैश्विक किरणजन्य समस्थानिकांच्या पद्धतींनी किमान १०.७ लाख, सरासरी सुमारे १५ लाख वर्षे ठरवले (२०११). कर्नाटकातील इसामपूर येथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी हत्यारे घडवण्याची जागाच उघडकीस आणली. तेथील प्राण्यांच्या दातांवरून सुमारे १२ लाख वर्षे हे वय मिळाले.

महाराष्ट्राबाबत मतभेद तीव्र आहेत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे अश्युलियन हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले (१९८९). पुढे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ६.७ लाखांवर आले. उलट, आचार्य व बसू (१९९३) आणि नंतर इतर काहींनी काचकणांच्या रासायनिक घटकांवरून ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या, शेवटच्या महास्फोटातील असल्याचे मांडले. तसे असेल तर हातकुऱ्हाडी राखेइतक्या अलीकडच्या ठरतात, अथवा जुन्या हत्यारांशी राखेची गाठ नदीनेच घालून दिली असे मानावे लागते. टोबाचे यापूर्वीही मोठे उद्रेक झाले असून त्यांच्या राखांची रचना एकमेकींशी बरीच जुळते, त्यामुळे रासायनिक साम्य हा निर्णायक पुरावा नव्हे. दुसरीकडे, राखेत जुने खनिजकण मिसळले की आर्गॉनवर आधारित वय फुगते. बोरी व कऱ्हा खोऱ्यातील मोरगाव येथील गाळात चुंबकीय दिशा उलटी असल्याचे डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी दाखवले आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या दिशेला सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी वळले, त्यावरून हे थर त्याहून जुने ठरतात. हत्यारांची ठेवण पाहता हाच कल अधिक सयुक्तिक दिसतो, तरी वाद मिटलेला नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाजवळ चिरकी येथे गुडरून कोर्विनस यांनी १९६६–६९ दरम्यान उत्खनन केले. खडकावर पसरलेल्या दगडगोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी, फरश्या व तोडहत्यारे मिळाली. नेवाशाच्या युरेनियम-थोरियम मापनातून ३.५ लाख वर्षांहून अधिक एवढेच सांगता येते. ती त्या पद्धतीची मर्यादा आहे.

या काळातील भारतीय मानवाची एकच कवटी ज्ञात आहे. अरुण सोनकिया यांना ती ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे मिळाली. प्रथम ती होमो इरेक्टसची मानली गेली. आता ती त्याहून प्रगत, पुरातन मानवाची समजण्याकडे कल आहे.

परंपरेचा शेवट सर्वत्र एकाच वेळी झाला नाही. अत्तिरंपक्कम येथे सुमारे ३.८५ लाख वर्षांपूर्वीच छिलक्यांवरील लहान हत्यारे प्रचारात आलेली दिसतात. शोण खोऱ्यातील पाटपरा व बामबुरी येथे मात्र अश्युलियन हत्यारे सुमारे १.४ ते १.२ लाख वर्षांपूर्वीपर्यंत टिकली. प्रवरेच्या खोऱ्यात ह. धी. सांकलिया यांनी नेवासे येथे हातकुऱ्हाडींच्या थरानंतरच्या थरात जॅस्पर, चर्ट व कॅल्सिडोनी यांच्या तासण्या आणि टोचे नोंदवले आहेत. त्यांत काळा पाषाण क्वचितच दिसतो.